साडेसात रुपयांचा कंडेन्सर

कराडच्या एसटी स्टँडामागे सोपानचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात मीटर होता, पण तो खोक्यातून फारसा बाहेर पडत नसे. मोजमाप सगळं कानावर. गिऱ्हाइकानं रेडिओ टेबलावर ठेवला की सोपान बटण फिरवायचा, डोळे मिटायचा आणि दोन मिनिटांनी रोगाचं नाव सांगायचा. बहुतेक वेळा ते बरोबर निघे. चुकलंच तर गिऱ्हाईक स्वतःच्या कानाला दोष देई, कारण सोपानचा कान चुकतो म्हणणं म्हणजे कराडात उभं राहून कृष्णा-कोयनेचा संगम इथं नाहीच म्हणण्यासारखं होतं.

हा कान फौजेत तयार झालेला. अठरा वर्षं सिग्नलमध्ये, डोक्यावर हेडफोन घालून, खरखरीच्या ढिगातून कामाचा शब्द वेचायचा एवढंच काम. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो जम्मूला होता. बापानं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं होतं, त्यात दोनच गोष्टी होत्या: आता कुणापुढं वाकायचं नाही, आणि कुणाला फसवायचं नाही. पहिली गोष्ट पाळायला जग थोडीफार आडकाठी करतं, दुसरी मात्र आपल्या एकट्याच्या हातात असते, असा सोपानचा हिशेब होता. हवालदार होऊन अडुसष्ट साली तो घरी आला, दुकान टाकलं, आणि सात वर्षांत त्याच्या नावावर दोन गोष्टी जमा झाल्या: कान आणि सचोटी. तिसरी जमा खडकीच्या लिलावातून आणलेली एक पेटी होती. तिच्यात फौजेचे चारशे जुने कंडेन्सर होते. त्यांतले सव्वाशे एव्हाना कराड तालुक्याच्या रेडिओंत जाऊन बसले होते.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सांगलीला. लालासाहेब. इस्लामपूरकडं नदीकाठी चाळीस एकर ऊस, विश्रामबागेत बंगला, साखर कारखान्याचे डायरेक्टर. असल्या माणसाला कुस्तीचा नाद असतो, नाहीतर बैलांचा. लालासाहेबांना आवाजाचा होता. मुंबईच्या एका पारशाकडून त्यांनी वॉल्व्हचा विलायती अ‍ॅम्प्लिफायर, स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या दोन सागवानी पेट्या घेतल्या होत्या. प्रत्येक पेटीत दोन स्पीकर: खाली परातीएवढा मोठा, आणि वर वाटीएवढा छोटा, बारीक आवाजाचा. त्याला ट्वीटर म्हणायचं. सोपान दर दोन महिन्यांनी एसटीनं सांगलीला जाऊन ही मूर्ती तपासून यायचा.

पंचाहत्तरची दिवाळी झाल्यावर तो असाच गेला, तर दिवाणखान्यात बिराप्पा बसलेला. बिराप्पा मूळचा जतचा, धनगराचा पोरगा, डिप्लोमा करून कारखान्यात इलेक्ट्रिकचा ओव्हरसियर झालेला. वय तीस आणि बोलण्यात प्रत्येक वाक्याला एक इंग्रजी मासिक. त्याच्या तळहातावर शेंगदाण्याएवढा एक पांढरा कंडेन्सर होता.

"हवालदार, या," लालासाहेब म्हणाले. "ह्यो बिराप्पा काय म्हंतोय बघा. ह्यो शेंगदाणा घातला की पेटी नवी हुती म्हणं. साडेसात रुपयं एकाला."

सोपाननं तो पांढरा दाणा चिमटीत धरला, उजेडाकडं केला आणि परत ठेवला. "साहेब, पेटीला साडेसातशे लागलं. तिला साडेसात रुपयाचं कानातलं घातलं तर ती काय नवरी व्हनार हाय व्हय?"

"तसं नाही रीऽ," बिराप्पा म्हणाला. चिडला की त्याच्या मराठीत जत यायचं. "ट्वीटरच्या वाटेवर जुना कंडेन्सर आहे. त्याचं काम काय? जाड आवाज अडवायचा, बारीक तेवढा पुढं सोडायचा. जकात नाक्यासारखं. आता नाकेदार म्हातारा झाला. सगळंच अडवतोय. वरचा आवाज मेलाय पेटीतला."

"वरचा आवाज!" सोपान हसला. "गड्या, त्यो वरचा डबा शोभंचा असतोय. इंग्रजाचं पाच-सात वरसात लय फॅड निघालंय त्ये. मी ट्वीटर काढून ऐकलंय, घालून ऐकलंय. केसभर फरक न्हाई."

बिराप्पानं त्याच्याकडं थोडं विचित्र बघितलं. त्या बघण्याचा अर्थ सोपाननं 'हरला' असा लावला.

लालासाहेबांना दोन माणसं भांडताना बघायला आवडायचं. त्यांनी लगेच तोल बघून वजन टाकलं. कारखान्याचा नवा हॉल होत होता, हजार खुर्च्यांचा. त्यात अ‍ॅम्प्लिफायर, वीस स्पीकर. ते बसवायचे, आणि दर सभेला, दर कार्यक्रमाला मशीनपाशी बसून आवाज लावायचा, अशा माणसाची नेमणूक व्हायची होती. महिना अडीचशे. सोपानच्या दुकानातून महिन्याला दीडशे सुटायचे.

"हॉलमधी बिराप्पाचा म्हागडा माल घालायचा, का हवालदाराचा फौजी माल, ह्याचा निकाल हितंच लावा," लालासाहेब म्हणाले. "आन जो जिकंल त्यो मशीनवर बसंल."

"लावतो की," सोपान म्हणाला. "एक डबी करून आनतो. जुना न नवा दोनी कंडेन्सर आत. वर एकच बटन. कंचा चालू हाय कुनाला दिसनार न्हाई. बारा डाव लावू. तुमी कागदावर ल्ह्यायचं, जुना का नवा. बिराप्पा बारातलं आठ बरूबर सांगंल तर मी हरलो."

---

डबी करायला त्यानं आठवडा घेतला, आणि तशी डबी कराडात दुसरी झाली नसती. बटण फिरवताना टक् असा आवाज आला तर ऐकणारा ओळखेल, म्हणून फौजेच्या जुन्या सेटातलं मऊ चालीचं बटण काढून घातलं. दोन्ही बाजूंचा आवाज अगदी सारखा आहे ना हे दुकानात बसून बटण इकडं-तिकडं करत तीस वेळा तपासलं. तीसही वेळा सारखा. त्याला स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं. ऐकवायला जवळ कोणी नव्हतं. एरवी दुकानात जवळ बसणारी बायको पारूबाई त्या आठवड्यात कोरेगावला भावाकडं गेली होती, भावजय बाळंत झाली म्हणून. आणि असती तरी त्यानं तिला विचारलं असतं असं नाही. मीटर खोक्यात ठेवणारा माणूस बायकोला कशाला विचारील?

रविवारी सकाळी दहाला सांगलीत डाव मांडला. लालासाहेबांनी गावच्या जत्रेतली लेझीम स्पूलवर भरून घेतली होती, तीच लावायची ठरली. हलगी, पावलांचा दणका आणि पन्नास लेझमींचा छणछणाट. लालासाहेब आणि बिराप्पा कागद-पेन्सिल घेऊन बसले. लालासाहेबांच्या बायको शालूबाई सैपाकघराच्या दारात शेंगा फोडत होत्या. त्यांचा पैजेशी संबंध नव्हता.

"वैनीसाब, तुमीबी सांगा की," बिराप्पा म्हणाला.

"मला ल्ह्यायला लावू नका बाबा," त्या म्हणाल्या. "नवा वाटला तर ह्या वाटीत दाना टाकीन, जुना वाटला तर त्या वाटीत."

"दोनी वाट्या मीच खानार हाय," लालासाहेब म्हणाले. "मतदान गुप्त ऱ्हाईल."

सोपान मशीनच्या मागं उभा राहिला. नाणं उडवून आधीच काढलेला क्रम त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता. पहिला डाव: जुना. हलगी घुमली, पावलं पडली. दुसरा: नवा. हलगी, पावलं. तिसरा परत नवा. हलगी, पावलं. सोपानला हसू येत होतं. एकच पोळी दोन ताटांत वाढून चव विचारावी, तसं चाललं होतं.

चौथ्या डावाला त्यानं बटण फिरवलं आणि सहज समोर बघितलं. त्याचा हात फिरला त्याच क्षणी तिकडं दोन पेन्सिली हलल्या होत्या. विचार नाही, थांबणं नाही. दारात शालूबाईंचा हातसुद्धा डावीकडून उजवीकडं गेला होता. जणू तिघांना मिळून एकच दोरी बांधली होती आणि ती सोपानच्या बटणाला अडकवली होती.

पाचव्याला त्यानं बटण तसंच ठेवलं. पेन्सिली थोडं थांबून मग हलल्या. शालूबाईंनी त्याच वाटीत दाणा टाकला. सहाव्याला फिरवलं. पेन्सिली हलल्या.

सोपान डबीवर वाकला. डबीतून प्रकाश दिसतोय का? नाही. बटण वाजतंय? त्यानं कान जवळ नेला. नाही. मग ही माणसं कशाकडं बघून लिहितायत? तो पेटीकडं तोंड करून उभा राहिला आणि अठरा वर्षं जसं ऐकलं होतं तसं, सगळा जीव कानात आणून ऐकू लागला. हलगी होती. पावलं होती. एक म्होरक्या मधूनच ओरडत होता, त्याचा आवाज होता. पन्नास माणसं लेझीम खेळत होती आणि लेझीम नव्हती. ती पहिल्यापासूनच नव्हती. टेपवर नीट आली नसेल, असं त्यानं मनातल्या मनात धरून टाकलं होतं, आणि पुढं तो विचारही विसरून गेला होता.

बारा डाव संपले. चिठ्ठी बाहेर काढून ताळा घेतला. बिराप्पा बारापैकी बारा. लालासाहेब दहा. शालूबाईंचे दाणे मोजले, बारा.

"आवं, ह्यात काय अवघड हाय?" शालूबाई म्हणाल्या. "एकात लेझमी वाजत्यात, दुसऱ्यात गाडग्यात खडं हलवल्यागत हुतंय."

लालासाहेब खूश होऊन मांडीवर थापा मारत होते. "आता तुमी बसा, हवालदार. मी फिरवतो. बघू फौजंचा कान."

नाही म्हणायला जागा नव्हती. सोपान खुर्चीवर बसला, मांडीवर कागद. लालासाहेबांनी आपला क्रम चिठ्ठीवर उतरवला, डबी टॉवेलाखाली घेतली, हातही टॉवेलाखाली. पहिला डाव. हलगी, पावलं. दुसरा डाव. हलगी, पावलं. कागद कोरा. सिग्नलमध्ये नव्या जवानाला पहिल्या दिवशी शिकवायचे की फॉर्म कोरा वर जात नाही. ऐकू आलं नाही तर 'पुन्हा सांगा' म्हणायचं. इथं पुन्हा सांगा म्हणायची सोय नव्हती. त्याच्या हातानं आपोआप लिहिलं: जुना. मग नवा. मग जुना. मग नवा. बारा ओळी भरल्या. अक्षर नेहमीसारखंच रेखीव आलं.

लालासाहेबांनी कागद हातात घेतला, आपल्या क्रमाशी लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू बदललं. आधी मोकळं होतं, मग बारीक झालं.

"सहा बरूबर, सहा चूक," ते म्हणाले. "बरूबर निम्मं. आन ह्ये बघ बिराप्पा. जुना नवा, जुना नवा, जुना नवा. भिताडाला रंग दिल्यागत. ऐकायची तसदीसुदिक घेतली न्हाई गड्यानं."

बिराप्पानं कागद बघितला आणि खाली ठेवला.

"हवालदार, खरं सांगा," लालासाहेब म्हणाले. आवाज अजून प्रेमाचाच होता. "घरात ती पेटी हाय न्हवं, चारशे कंडेन्सरची? मान्य केलं तर तिचा भंगार हुतोय. म्हून ऐकू येऊनबी न्हाई म्हनत हुता. व्हय का न्हाई?"

सोपानपुढं दोन ताटं होती. एकात लबाड, दुसऱ्यात बहिरा. लबाड घेतलं तर सचोटी जाणार, बहिरा घेतलं तर कान जाणार, आणि त्याच्या नावावर जमा म्हणावं असं या दोहोंखेरीज काही नव्हतं. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला मिळाला नाही.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "चुकी झाली."

---

पारूबाई दुसऱ्या दिवशी कोरेगावहून आली. त्यानं तिला पैज हरल्याचं सांगितलं, पेटीचं सांगितलं, लालासाहेब काय म्हणाले ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. परातीतला हात थांबला.

"आन तुमी काय म्हनला?"

"व्हय म्हनलो."

"चोर म्हनवून घेतलंत?"

"चोर न्हाई. लबाड."

"त्यात काय भाव कमी-जास्त हाय व्हय?" तिनं पीठ झटकलं. चुलीपुढं तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही. मग ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "वाटंवर मागनं सायकलची घंटी वाजती, ती तुमाला ऐकू येत न्हाई. तीन वरसं झाली."

सोपाननं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

"चिमन्या येत न्हाईत. माज्या जोडव्याचा आवाज येत न्हाई. पावनं आलं, दाराची कडी वाजवली, तर येती. हळू वाजवली तर न्हाई. मानसाचं बोलनं येतंय, म्हून तुमाला कळलं न्हाई."

बाजारात जाताना गेली दोन-तीन वर्षं ती त्याचा हात धरायची. भर रस्त्यात, पंचेचाळिशीच्या माणसाचा. त्याला लाज वाटायची आणि आतून बरंही वाटायचं. पोरं मोठी झाली, आता बायकोला आपली माया आली, असं त्यानं धरलं होतं. ती त्याला सायकलींच्या वाटेतून बाजूला ओढत होती, एवढंच.

"आन दुकानात जवळ बसतीस, त्ये कशापायी?"

"तुमी रेडू दुरुस्त केला की मी म्हनती, अजून जरा खरखरतंय. तुमी परत उघडता." ती थांबली. "म्या आपलं शिकल्यावानी म्हनायची. तुमी म्हनायचा, पारू, तुला कान यायला लागला."

तो असं खरंच म्हणायचा. कौतुकानं म्हणायचा.

"सांगितलं का न्हाईस?"

"सांगून काय कान परत आला असता?" तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. "धंदा कानावर. आन तुमी त्या कानावर किती खूश हुता."

त्या आठवड्यात सोपाननं एकही रेडिओ उघडला नाही. लबाड हे ताट आपण निवडलं ते हलकं समजून, हे त्याला दिवस जातील तसं कळत गेलं. स्टँडावरचा चहावाला एकदा सहज म्हणाला, "हवालदार, सांगलीत म्हणं तुमी शेटलोकांना जुना माल चिटकवता?" तो चेष्टा करत होता. पण चहाचे पैसे त्यानं आधी मागून घेतले. लालासाहेबांच्या घरचा कुणी लबाड निघाला असता तर तो एकटा लबाड ठरला असता. सोपान लबाड ठरला तर मागचं-पुढचं सगळंच मोजलं जाणार, बापाचं पत्रसुद्धा. शनिवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या सांगलीला जायचं. खरं काय ते सांगून येतो."

"मीबी येती," पारूबाई म्हणाली.

---

लालासाहेबांनी त्यांना आत बोलावलं, बसायला सांगितलं. पारूबाई भिंतीला टेकून उभी राहिली. बिराप्पा होताच, हॉलचा नकाशा पसरून दोघं बसले होते.

"बरं झालं आला," लालासाहेब म्हणाले. "तुमाला बोलवनारच हुतो. मी कालच मीटिंगमधी सांगितलं, हवालदाराची एक चूक झाली, त्येनं कबूल केली. कबूल करनारा मानूस हाय. हॉलचं काम त्येलाच. माल बिराप्पाचा, पन मशीनवर कान हवालदाराचा."

सोपान उभाच होता. अडीचशे रुपये महिना, आणि कान. नेमकं ज्या कामाला कान लागतो, तेच काम माफीत गुंडाळून समोर आलं होतं.

"साहेब, मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"म्हाईत हाय की. माफ केलं."

"तसं न्हवं. मी व्हय म्हनलो ते खोटं. मला ऐकू येत हुतं न मी लपवलं, असं झालंच न्हाई. मला ऐकू येतच न्हवतं. लेझीम येत न्हाई मला. बारीक आवाज येत न्हाईत. तीन वरसं झाली."

लालासाहेब हसले, आणि ते हसणं सोपानला पूर्ण ऐकू आलं.

"अरं गड्या, मी हळू बोलतोय तरी तू टकाटका उत्तर देतोयस. बहिरा कसला? परवा माज्या फुडं गानं लागलं हुतं तवा मान डोलवत हुतास."

"बोलनं येतंय साहेब. जाड आवाज येतोय. बारीक तेवढा—"

"म्हंजी जकात नाका!" लालासाहेब बिराप्पाकडं वळून म्हणाले. "आता हवालदाराच्या कानात नाकेदार बसवला. अरं, आठ दिसात लय भारी जुळवलंस."

"खरं हाय साहेब," पारूबाई पुढं येऊन म्हणाली. "मी सांगती. सायकलची घंटी—"

"बाई, तुमी नवऱ्याची बाजू घेनारच. घ्यायलाच पायजे." त्यांचा आवाज मऊ होता.

बिराप्पा उठला. तो सोपानच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्याच्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासू लागला, मेंढरू बोलावताना घासतात तसं. दिवाणखान्यात तो बारीक किसकिस आवाज सगळ्यांना आला. सोपान समोर बघत राहिला. बिराप्पानं दुसऱ्या कानाशी केलं. सोपान हलला नाही. बिराप्पाचा चेहरा उतरला.

"साहेब, ह्यांना खरंच ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"कशावरनं?" लालासाहेब म्हणाले. "त्यो वळला न्हाई म्हून? मलाबी न वळता येतंय. म्हाईत असल्यावर कोन वळंल?"

सोपानला त्या वेळी एक गोष्ट कळली, आणि तिच्यापुढं त्याचं अठरा वर्षांचं शिक्षण काही कामाचं नव्हतं. आपल्याला ऐकू येतं हे माणसाला दाखवून देता येतं. बारापैकी बारा लिहायचे की झालं. येत नाही हे कुणालाच दाखवता येत नाही. सहा लिहिले तर सोंग, शून्य लिहिले तर मोठं सोंग. त्यासाठी समोरच्यानं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि आपला शब्द तर सोपाननं आठ दिवसांपूर्वी याच खोलीत स्वतःच्या तोंडानं मोडीत काढला होता.

शालूबाई सैपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "आवं," त्या लालासाहेबांना म्हणाल्या, "त्या दिवशी ते पेटीकडं बघत न्हवते. आमच्या हातांकडं बघत हुते."

"तू आत जा," लालासाहेब म्हणाले. मग सोपानला, जरा तुटक, "काम घ्यायचं का न्हाई ते सांग. माफ केलंय म्हनतोय तरी कशाला नवं-नवं काढतोयस?"

"न्हाई जमनार साहेब. हजार मानसं बसनार. मी लावलेला आवाज त्येंना टोचंल, न मला कळनारबी न्हाई. बिराप्पाला बसवा. त्येचा कान चांगला हाय."

"माफी दिली तरी मिजास!" लालासाहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. त्यांच्या बाजूनं त्यांनी एका लबाड माणसाला सांभाळून घेतलं होतं, आणि त्यानं ते झिडकारलं होतं. पुढं कितीतरी दिवस ते हा किस्सा सांगत राहिले, आणि दर वेळी शेवटी म्हणत की माणूस कामाचा होता, पण खोटं बोलायची खोड गेली नाही.

बिराप्पा फाटकापर्यंत आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "मला माहीत असतं तर मी पैज घेतलीच नसती, हवालदार."

"तुजं बरूबर हुतं," सोपान म्हणाला. "साडेसात रुपयं लय न्हाईत. ज्येला येतंय त्यानं घालावा."

एसटीत पारूबाई खिडकीपाशी बसली. इस्लामपूर मागं पडलं. दुतर्फा ऊस होता, तुऱ्यावर आलेला, वाऱ्यानं हलत होता. त्याचा आवाज होत असणार.

"आता दुकान?" तिनं विचारलं.

"बघू."

सोमवारी एक म्हातारा वाठारहून रेडिओ घेऊन आला. सोपाननं तो उघडला, आतला एक सैल सांधा पक्का केला, आणि बटण फिरवून डोळे मिटायच्या ऐवजी रेडिओ टेबलाच्या कडेला सरकवला.

"ऐका, बाबा. नीट वाजतोय का?"

"मला काय कळतंय? तुमी सांगा की. तुमच्या कानासाठीच तर आलो."

"माजा कान गेला, बाबा. बारीक आवाज येत न्हाई."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग रेडिओकडं, मग परत त्याच्याकडं. धोतराच्या कनवटीला हात गेला होता, तो तिथंच थांबला. "मग दुसरीकडं दावून येतो," तो म्हणाला, आणि सेट काखेत मारून निघाला. मजुरी द्यायची राहिली. सोपाननं मागितली नाही.

असे त्या महिन्यात आणखी अकरा जण परत गेले. तेराव्या गिऱ्हाइकाला घाई होती, तो सेट ठेवून बाजारात गेला. पारूबाई पुढं आली, खाली बसली, जाळीला कान लावला. सोपाननं स्क्रू-ड्रायव्हर आत घातला आणि अगदी हळू फिरवू लागला. त्याला काही येत नव्हतं, म्हणून तो तिच्या कपाळाकडं बघत होता. कपाळावर आठी होती. ती थोडी वाढली. त्यानं उलटा फिरवला. आठी कमी झाली, मग गेली.

"बास," ती म्हणाली.

त्यानं हात काढला. कसं वाजतंय, हे त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.